दवण्याची पुडी

माझी थोरली मुलगी पुण्यास असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती माहेरपणाला आली ती हातात एक कुंडी घेऊन. कुंडीत करड्या-हिरव्या, बारीक पानांचे झुडूप आणि त्याच्या शेंड्यांवर जांभळ्या फुलांचे तुरे. "बाबा, हे लॅव्हेंडर. उशाशी ठेवलं की झोप शांत लागते, कपाटात ठेवलं की कपड्यांना कसर लागत नाही," असे तिने सांगितले. पान चुरगळून नाकाशी नेले, तर वास खरोखरच मन प्रसन्न करणारा होता. सौभाग्यवतीने कुंडी तुळशीवृंदावनाच्या शेजारी ठेवली. येणारा-जाणारा थबकून विचारी, "हे कसलं हो झाड, सर?" मी मात्र मनातून नाराज होतो. आपल्या तुळशीशेजारी हे विलायती रोपटे कशाला, असे मला वाटले आणि तसे मी बोलूनही दाखवले. मुलगी काही बोलली नाही.

पुढे आषाढात झड लागली. आठ दिवस सूर्यदर्शन नाही. मोठ्या कुंडीत हलवताना आम्ही शेतातली काळी माती भरली होती. ती पाणी धरून बसली आणि लॅव्हेंडर मुळापासून कुजून गेले. मेलेले झाड उपटून टाकताना मला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या वयोवृद्ध काकू तेव्हा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "जाऊ द्या सर. वास मातर आपल्या दवण्यावानी होता. तुमच्या आज्जीच्या परसात असायचा बघा दवणा."

ते वाक्य ऐकले आणि चाळीस वर्षांमागचे परस डोळ्यांपुढे उभे राहिले. आमच्या बीदर-कलबुर्गी भागात घरच्या घरी सुगंधी झाडे लावण्याची, ती वाळवून, कुटून, तेलात मुरवून वापरण्याची एक रीत होती. ती केव्हापासूनची, कोणाकोणाकडून आली आणि कशी लोपली, याचा शोध घ्यावा असे मनाने घेतले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाची हकिगत आहे.

लॅव्हेंडर आपले कोण?

लॅव्हेंडरचे मूळ घर भूमध्य समुद्राभोवतीचे खडकाळ, चुनखडीचे डोंगरउतार. कोरडी हवा, थंडीचा हिवाळा आणि पाण्याचा झटकन निचरा या तीन गोष्टी त्याला लागतात. त्याचे नाव 'धुणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले, अशी परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. आज आपल्या देशात जम्मूतील भदरवाहच्या डोंगरांत त्याची शेती होते, कारण तिथली हवा त्याला मानवते. आमच्या काळ्या मातीत आणि आषाढाच्या झडीत ते टिकले नाही, यात त्याचा दोष नव्हता. वाळू, विटांचे तुकडे, जुन्या चुन्याचा भुगा अशा हलक्या मिश्रणात लावून पावसाळ्यात वळचणीखाली ठेवले असते, तर कदाचित जगले असते.

पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाहिले तर आणखी एक गोष्ट कळली. लॅव्हेंडर हे तुळशीच्याच कुळातले. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा आणि लॅव्हेंडर ही सारी एका कुळाची लेकरे. म्हणजे ज्या वृंदावनाशेजारी ते ठेवले म्हणून मी कुरकुरलो, तिथे ते आपल्या चुलत बहिणीजवळच उभे होते.

इतकेच नव्हे, तर लॅव्हेंडरच्या प्रजातीतल्या काही वनस्पती आपल्या पठारावरच्या अगदी मूळ रहिवासी आहेत. पावसाळा सरता सरता मुरमाड माळावर, बांधावर एक लहानसे झुडूप उगवते. पाने पिसासारखी कातरलेली, फुले पांढरट-निळसर, बारीक. त्याला मराठीत 'घोडेघुई' म्हणतात. ते दख्खनचे लॅव्हेंडर होय. दुसरी एक जात सह्याद्रीत सापडते. तिला अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरचे नाव दिलेले आहे. पुण्याजवळ दापोडी येथे कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती, तिचे हे गिब्सनसाहेब अधीक्षक होते आणि पुढे १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. ज्या झाडाला मी विलायती म्हणून नाक मुरडले, त्याचे भाऊबंद माझ्या शाळेला जाण्याच्या वाटेवर, बांधाबांधावर उभे असू शकतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

अत्तारांच्या बरणीतली फुले

बीदरच्या जुन्या बाजारात अजून एक-दोन अत्तार आहेत. अत्तार म्हणजे केवळ अत्तर विकणारा नव्हे. जडीबुटी, काढ्याची औषधे, धूप, उदबत्ती, लग्नाचे आणि पूजेचे सुगंधी सामान, सारे त्याच्याकडे. एका वृद्ध अत्तारांना मी लॅव्हेंडरची हकिगत सांगितली. ते हसले. मागच्या फळीवरची बरणी काढून त्यांनी तपकिरी-जांभळी वाळकी फुले माझ्या तळहातावर ठेवली. वास ओळखीचा होता. थोडा कापराकडे झुकलेला, इतकेच. "साब, ये उस्तुखुद्दूस है. दिमाग की झाडू बोलते इसकू," ते म्हणाले.

युनानी वैद्यकात उस्तुखुद्दूसला हे 'मेंदूची झाडू' असे नाव फार जुन्या काळापासून आहे. जुनाट पडसे, डोकेदुखी, डोक्याचा जडपणा यांवर हकीम ते देत आले. उस्तुखुद्दूस म्हणजे लॅव्हेंडरचीच एक जात. या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यासमोर जी बेटे आहेत, त्यांना ग्रीक लोक 'स्टोइखादेस' म्हणत. तिथे उगवणाऱ्या वनस्पतीलाही तेच नाव पडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने आपल्या ग्रंथात तिची नोंद केली. ग्रीक ग्रंथ अरबीत गेले तेव्हा त्या नावाचे 'उस्तुखुद्दूस' झाले, आणि इराणी-अरबी वैद्यकाबरोबर ते दख्खनला आले.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. हकिमांचे एक प्रसिद्ध औषध आहे: 'इत्रीफल उस्तुखुद्दूस'. हा 'इत्रीफल' शब्द कोठला? तो आपला 'त्रिफळा'! हिरडा, बेहडा, आवळा हे आपल्या वैद्यांचे त्रिकूट अरबांनी घेतले, त्याचे नाव आपल्या जिभेच्या वळणावर नेले आणि त्यात भूमध्य समुद्राकाठचे लॅव्हेंडर मिसळले. ती बरणी पुढे बीदर, गुलबर्गा, हैदराबादच्या दवाखान्यांतून आपल्याच लोकांच्या घरी आली. सर्दीने बेजार झालेल्या आपल्या एखाद्या पणजोबांनी लॅव्हेंडर चाटले असेल. ते लॅव्हेंडर आहे हे मात्र त्यांना ठाऊक नसेल.

आणि ज्याला आपण निःशंकपणे आपला म्हणतो, तो मरवा? संस्कृत ग्रंथांतला 'मरुवक' तो हाच, असे सामान्यतः मानतात. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ सायप्रस-तुर्कस्तानकडे दाखवतात. तोही पाहुणाच, फक्त फार पूर्वी आलेला. किती पिढ्या राहिले म्हणजे झाड इथले होते, हा प्रश्न मला त्या दुकानात उभा असताना पडला. सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न झाडापुरताच पडत नाही, हे सुज्ञ वाचकांना वेगळे सांगायला नको.

कल्याणीच्या राजाचे न्हाणीघर

आता लिखित पुराव्याकडे वळू. त्यासाठी दूर जावे लागत नाही. बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण हे आज तालुक्याचे गाव आहे. नऊशे वर्षांपूर्वी ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर याच दरबारातला. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर ११२६ च्या सुमारास गादीवर आला आणि ११२९ ते ११३१ च्या दरम्यान त्याने 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचे संपादन केले. पहिला भाग १९२५ साली निघाला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख याच ग्रंथात आला असल्याने मराठीच्या अभ्यासकांना तो विशेष जिव्हाळ्याचा आहे.

या ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत राजाच्या उपभोगांचे वर्णन आहे. त्यात स्नान आहे, तांबूल आहे, विलेपन आहे, फुलांच्या माळा आहेत, धूप आहे. अंगाला लावण्याचे तेल कसे असावे, तर तीळ आधी सुगंधी फुलांच्या वासात मुरवावेत आणि मग गाळावेत. उटी कोणत्या ऋतूत कोणती लावावी, याचाही विचार आहे. उन्हाळ्यात अंगाला थंडावा देणारी द्रव्ये, थंडीत ऊब देणारी.

हा राजाचा थाट झाला, आपल्या घराचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मला तो संबंध दिवाळीच्या पहाटे दिसतो. नरकचतुर्दशीला आपण तिळाचे सुगंधी तेल लावतो, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा घातलेल्या उटण्याने अंग चोळतो आणि मग ऊन पाणी घेतो. सोमेश्वराच्या न्हाणीघरातला क्रम हाच. राजाकडे तो रोज होता, आपल्याकडे वर्षातून चार दिवस, एवढाच फरक. राजवाडा पडला, त्याचे दगड लोकांनी घराच्या पायात घातले; पण राजवाड्यातली ही रीत बायकांच्या हातून आजवर चालत आली.

मराठीतली गंधविद्या

बहुतेक वाचकांना जे ठाऊक नसेल, आणि मलाही हा शोध सुरू करीपर्यंत ठाऊक नव्हते, ते आता सांगतो. सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या शास्त्रावर जुन्या मराठीत लिहिलेली टीका आज उपलब्ध आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) हे फार मोठे संशोधक. पानविडा, अत्तर, खाद्यपदार्थ अशा रोजच्या गोष्टींचा इतिहास त्यांनी हस्तलिखितांतून खणून काढला. त्यांच्या हाती एक पोथी लागली. तीत गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' आणि त्याच्यासोबत कर्त्याचे नाव नसलेला 'गंधवाद' असे दोन ग्रंथ होते. दुसऱ्या ग्रंथावर चक्क मराठी टीका! १९४५ साली गोड्यांनी या गंधवादावर लेख प्रसिद्ध केला आणि टीकेचा काळ १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरवला. पुढे १९८९ साली बडोद्याहून व्यास यांनी दोन्ही ग्रंथ संपादून छापले.

गंधसारात सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. पूड द्रवात भिजवून मुरवणे, शिजवणे, वासाला जाग आणणे, तो भेदून आत नेणे, धूर देणे आणि फुलांच्या संगतीत ठेवून वास लागू देणे, असा साधारण अर्थ. सुगंधी द्रव्यांची वर्गवारीही आहे: पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळे, डिंक इत्यादी. हे वाचताना मला हसू आले. आमची आजी अक्षरशत्रू होती. पण कोऱ्या मडक्याला उदाचा धूर देऊन त्यात पाणी भरणे हे धूपन, आणि लुगड्यांच्या घडीत दवण्याची काडी ठेवणे हे वासन, ती जन्मभर करीत आली होती.

गोड्यांनी दिलेला काळ पाहा. १३४७ साली गुलबर्ग्यात बहमनी राज्य स्थापन झाले आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते संपले. म्हणजे आपल्या भागात बहमनी सुलतान नांदत होते त्याच दोन शतकांत, कोणी तरी मराठी माणूस सुगंधाच्या कृती मराठीत समजावून सांगत होता. टीका लिहायची ती कोणासाठी? संस्कृत ज्याला पुरते उमगत नाही, पण जो हाताने काम करतो, त्याच्यासाठी. मराठी त्या काळी ज्ञानेश्वरांची आणि नामदेवांची भाषा होती, तशी ती खलबत्त्याची आणि भट्टीचीही भाषा होती, असा याचा अर्थ मी लावतो.

बीदरचे बाग

सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. बीदर हे जांभ्या दगडाचे उंच पठार, पाणी खोल. पण आलेल्या इराण्यांना कोरड्या मुलखात पाणी आणण्याची विद्या अवगत होती. जमिनीखालून बोगदा खोदून, मधून मधून वर झरोके ठेवून पाणी उतारावर वाहवत न्यायचे, त्या रचनेला 'करेज' म्हणतात. नौबादजवळची करेज आजही पाहायला मिळते. पाणी आले म्हणून बाग आले. किल्ल्यात सोळा खांबी मशिदीसमोर लाल बाग आहे. तिथले पाट आणि हौद अजून दिसतात.

इराणी बागेचे एक वैशिष्ट्य असे, की ती डोळ्यांइतकीच नाकासाठी असते. वाहते पाणी, त्याच्या काठाने सुवासिक झाडे आणि सायंकाळचा वारा, अशी तिची कल्पना. बीदरच्या पश्चिमेला अली बरीदशहाची कबर आहे. ती १५७७ च्या सुमाराची. चारी बाजूंनी उघडी, भोवती बाग आखलेली. आतल्या रंगीत फरशांवर फारसी काव्यपंक्ती आहेत, आणि त्या कोणाच्या, तर फरीदुद्दीन अत्तार या सूफी कवीच्या. अत्तार हे त्याचे व्यवसायावरून पडलेले नाव! राजाच्या शेवटच्या निजेवर एका अत्ताराने पहारा द्यावा, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

शेजारच्या विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (१५८०-१६२७) दरबारी सुगंधशास्त्रावर 'इत्र-ए-नौरसशाही' हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. म्हणजे चारपाचशे वर्षांच्या अवधीत, एकमेकांपासून दोन-चार दिवसांच्या वाटेवर, सुगंधाची विद्या संस्कृतात लिहिली गेली आणि फारसीतही. आणि मधल्या काळात मराठीने तिच्यावर आपली टीका लिहून ठेवली. बिदरी कामाची गुलाबदाणी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती लग्नात हातात घेताना एवढे आठवावे.

आणि हे सारे केवळ दरबारापुरते नव्हते. कलबुर्ग्याला ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसात चंदनाची, संदलची मिरवणूक निघते. गाणगापुरी दत्ताच्या निर्गुण पादुकांना पाण्याचा अभिषेक होत नाही. अष्टगंध आणि केशराचा लेप होतो. देव आणि पीर यांच्यापाशी जाताना आमच्या मुलखातला माणूस रिकाम्या हाताने गेला असेल, पण वासावाचून गेला नाही.

दवण्याची पौर्णिमा

या सर्व परंपरेत गरिबाच्या परसाला परवडणारे झाड कोणते, तर दवणा. चंदन राजाचे, केशर काश्मीरचे, कस्तुरी सावकाराची. दवणा मात्र वीतभर वाफ्यात, सांडपाण्यावर होतो. हे शेवंतीच्या कुळातले, दक्षिण भारताचे झाड. पाने करडी-हिरवी, बारीक कातरलेली, लॅव्हेंडरसारखीच थोडी राखाडी झाक असलेली. त्याचा खरा गुण असा, की वाळल्यावरही वास जात नाही. आज दक्षिणेत त्याची शेती होते, त्याचे तेल काढतात आणि ते परदेशी अत्तरांत जाते. जगाच्या बाजारात त्या तेलाचे नावही 'दवना'च आहे.

धर्मशास्त्रात दवण्याला मान आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधु'त चैत्रातल्या तिथींना देवांना दवणा वाहण्याचा विधी आहे. कोल्हापूरजवळच्या जोतिबाला चैत्री पौर्णिमेला लाखो लोक जातात आणि गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. आता कानडीकडे पाहा. चैत्री पौर्णिमेला कानडी माणूस म्हणतो 'दवनद हुण्णिमे', म्हणजे दवण्याची पौर्णिमा! पौर्णिमा एकच, झाड एकच. मराठी माणूस त्या दिवशी ते देवाला वाहतो, कानडी माणसाने दिवसालाच त्याचे नाव दिले. दोन भाषांत इतका सुंदर करार कोणत्या आयोगाने कधी घडवून आणला आहे?

पुडी

आता घरची गोष्ट. आमच्या आजीचे माहेर निलंगा तालुक्यात, सासर भालकी तालुक्यात. तिचे लग्न झाले तेव्हा दोन्ही गावे निजामाच्या राज्यात, एकाच बीदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही राहिलो म्हैसूर राज्यात. आजीच्या माहेराचे आणि सासरचे राज्य वेगळे झाले. तिला त्याचे काही वाटले की नाही, कोण जाणे. ती एवढेच म्हणे, "मोटार बदलावी लागती आता."

तिचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही सारे 'निलंग्याचे मामा' म्हणत असू, दर भाऊबीजेला येत. ओवाळणीत लुगडे असे, आणि त्याच्या घडीत वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी असे. पुडीत दवण्याचे बी. मोहरीहून कितीतरी बारीक, धुळीसारखे. आजी ते वाळूत मिसळून न्हाणीच्या पाटाजवळच्या वाफ्यात फेकी. माघ-फाल्गुनात दवणा कमरेला टेके. चैत्रात त्याच्या जुड्या देवाला जात, गल्लीत जात, वाण्याच्या बायकोला आणि पिंजाऱ्याच्या बायकोला जात. उरलेला वाळून लुगड्यांच्या पेटीत, तिळाच्या तेलात आणि उटण्यात.

एकदा मी विचारले होते, "आज्जी, आपल्याच झाडाचं बी का गं धरत नाहीस?" ती म्हणाली, "मग तो यायला कारण काय राहील?"

दवण्याचे बी फार दिवस टिकत नाही. जुने बी उगवत नाही; दर वर्षी ताजे लागते. हे मी अलीकडे वाचले. आजीला ते अनुभवाने ठाऊक होते. १९८४-८५ च्या सुमारास मामा वारले. त्यांच्या मुलांनी शेत विकले, ती लातूरला गेली. त्या दिवाळीला पुडी आली नाही. आजीने वाफा उकरून ठेवला होता. पुढल्या वर्षी तिथे फरशी घातली. आजही ती फरशी तशीच आहे. लॅव्हेंडरची कुंडी ठेवली होती ती तिच्यावरच.

गेल्या वर्षी मी नववीच्या मुलांना एक काम दिले: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सुवासिक झाडांची नावे लिहून आणा, जितक्या भाषांत मिळतील तितक्या. आमची शाळा मराठी माध्यमाची. तुकडीत पूर्वी साठ मुले असत, आता एकवीस आहेत. एकवीस मुलांनी चार भाषांत नावे आणली. मरव्याला कानडीत मरुग, तेलुगूत मरुवम्. सब्जाला कानडीत कामकस्तूरी, उर्दूत रैहान. पण 'दवणा' हा शब्द एकवीसपैकी तिघांनाच माहीत होता आणि झाड एकानेही पाहिले नव्हते. बी दर वर्षी ताजे लागते, तसेच शब्दाचेही असते. तो एका हातातून दुसऱ्या हातात दिला गेला नाही, तर पेटीत नुसता ठेवून उगवत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दक्षिण कर्नाटकातल्या एका शेतकऱ्याकडून ओळखीने बी मागवले. शाळेच्या नळाजवळ वाफा केला. मुलांनी बी वाळूत मिसळून पेरले, झारीने हलके पाणी घातले. निम्मे उगवले. चैत्री पौर्णिमेला प्रत्येकाने एकेक जुडी घरी नेली. एका मुलीची आजी दुसऱ्या दिवशी काठी टेकत शाळेत आली, वाफ्याशी वाकली, पान चुरगळून हुंगले आणि काही न बोलता निघून गेली.

ज्यांच्या घरी वीतभर जागा असेल त्यांना विनंती, की भाऊबीजेच्या सुमारास दवण्याचे ताजे बी मिळवून पेरावे. ज्यांना लॅव्हेंडर आवडते त्यांनी तेही अवश्य लावावे. माती हलकी ठेवावी, पाणी बेताने घालावे आणि झडीत आडोसा द्यावा. यंदा मुलगी भाऊबीजेला येणार आहे. पुन्हा लॅव्हेंडर आण, मी तुळशीशेजारीच ठेवीन, असे तिला कळवले आहे. जाताना तिला द्यायला शाळेच्या वाफ्यातले यंदाचे बी कागदात बांधून ठेवले आहे.